झांकलेले सांधे

मोटारीचें बॉनेट उघडून आंत डोकावण्याचा प्रसंग आपल्यांपैकीं बहुतेकांवर गाडी बंद पडल्यावरच येतो. त्या वेळीं आंत जें दिसतें तें कांहीं फारसें रमणीय नसतें. तारांचे जुडगे, रबरी नळ्या, कोठें तेलाचा ओघळ, आणि जिकडे पाहावें तिकडे नट, बोल्ट, स्क्रू आणि वायसर. आपण क्षणभर पाहतों, जाणत्याप्रमाणें मान हलवितों, आणि मेकॅनिकला बोलावणें पाठवितों. परंतु गाडी अगदीं धडधाकट असतांना बॉनेट उघडून ठेवणारे, चार लोकांना तें पाहावयास बोलावणारे, आणि त्या कोठ्यांत एकही स्क्रू कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून वर्ष वर्ष खपणारे लोकही या जगांत आहेत. त्यांच्या कलेविषयीं, आणि ती पाहतांना माझ्या मनांत जागा झालेल्या एका जुन्या गोष्टीविषयीं, मी आज आपल्याशीं बोलणार आहें.

आरंभींच सांगितलेलें बरें कीं, मी मोटारींचा जाणकार नव्हें. मॅट्रिक झालों, चित्रकला व हस्तव्यवसाय या विषयांचा मास्तर झालों, आणि तीस वर्षें मुलांना रंधा आणि करवत धरावयास शिकवून निवृत्त झालों. मात्र सांधा कोठें आहे आणि तो कसा बसविला आहे हें पाहण्याची जी खोड सुतारकामानें लागते, ती निवृत्त होत नाहीं. २०२२ सालीं मी चार महिने मुलाकडे अमेरिकेंत, कॅलिफोर्निया राज्यांतील सॅक्रामेंटो शहरीं राहिलों होतों. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. जन्मभर वेल्डिंगचें काम करून तेही माझ्यासारखेच निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनीं घेतलेली १९६७ सालची शेव्हरोले कॅमॅरो गाडी त्यांनीं घराशेजारच्या गॅरेजमध्यें सुटी करून मांडली होती. मी रोज सकाळीं फिरून येतांना तेथें थबकूं लागलों. आठवड्याभरानें त्यांनीं माझ्यासाठीं एक खुर्ची आणून ठेविली. हीच माझी शाळा.

या छंदाचें मूळ शोधूं गेल्यास आपणांस १९३२ सालाकडे वळावें लागतें. त्या सालीं फोर्ड कंपनीनें आठ सिलिंडरांचें व्ही-एट इंजिन सामान्य मिळकतीच्या माणसाला परवडेल अशा गाडींत बसविलें. त्याची ताकद ६५ अश्वशक्ति होती. त्याच कंपनीच्या जुन्या मॉडेल टी गाडीचें इंजिन अवघें २० अश्वशक्तीचें असे. आणि तशा गाड्या १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटींहून अधिक तयार झाल्या होत्या. जुन्या गाड्या स्वस्तांत मिळत. तेव्हां दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं त्या घेऊन, त्यांचीं मडगार्डें व बॉनेट काढून टाकून, इंजिनांत फेरफार करून, मुरॉक, एल् मिराज अशा कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळविण्यास आरंभ केला. १९३७ सालीं अशा मंडळांची एक संघटना उभी राहिली, आणि जानेवारी १९४८ मध्यें या छंदाला वाहिलेलें ‘हॉट रॉड’ मासिक निघालें.

या तरुणांना हवा होता वेग. जें जें अनावश्यक तें तें त्यांनीं काढलें, तें वजन कमी व्हावें म्हणून. परंतु मौज अशी कीं, काढून टाकण्यांतच पुढें एक सौंदर्यदृष्टि निर्माण झाली. सॅक्रामेंटोजवळच्या रोझव्हिल गांवीं वाढलेले जॉर्ज व सॅम बॅरिस हे बंधु लॉस एंजेलिस येथें जाऊन गाड्यांचीं अंगें घडवूं लागले. त्यांनीं व त्यांच्या समव्यवसायी कारागिरांनीं दारांच्या मुठी काढल्या, नांवाच्या पट्ट्या काढल्या, आणि उरलेलीं भोंकें व सांधे वितळलेल्या शिशानें भरून घासून गुळगुळीत केले. दार उघडण्यासाठीं आंत विजेची खटकी बसविली. शिसें इतकें वापरलें जाई कीं, अशा गाड्यांना ‘शिशाची घसरगाडी’ असें थट्टेचें नांव पडलें. शिशाची धूळ शरीरास विषासमान असल्यामुळें आतां त्याच्या जागीं बहुधा पॉलिएस्टरची लांबी भरतात. १९५० सालीं ओकलंड येथें अशा गाड्यांचें प्रदर्शन सुरू झालें, आणि सर्वांत सुंदर उघड्या गाडीस पुरुषभर उंचीहून मोठी ढाल देण्याची प्रथा पडली. तें प्रदर्शन २००४ सालापासून पोमोना येथें भरतें. यांतील पुष्कळ गाड्यांना बॉनेटच नसे. त्यामुळें इंजिन उघडें, आणि जें उघडें तें नेटकें हवें. परीक्षकांची नजर दारावरून इंजिनाकडे, इंजिनावरून त्याच्या मागील पत्र्याकडे, आणि पत्र्यावरून शेवटीं एकेका स्क्रूकडे गेली. कारागिरानें स्क्रू लपविण्यास तेथून प्रारंभ केला.

आतां हें काम कसें करतात तें सांगतों. प्रथम कोठा रिकामा करावयाचा. इंजिन उचलून बाहेर, तारा बाहेर, नळ्या बाहेर. कारखान्यांतून आलेल्या गाडीच्या पत्र्यांत लहानमोठीं अनेक भोंकें असतात. कांहीं हीटरसाठीं, कांहीं वायपरच्या मोटरीसाठीं, आणि कांहीं तर त्या गाडींत नसलेल्या एखाद्या सोयीसाठीं. जें भोंक नको त्याच्या आकाराची, त्याच जाडीच्या पत्र्याची टिकली कापून ती भोंकांत बरोबर बसवितात आणि वेल्डिंगनें सांधतात. येथें घाईचें काम नाहीं. मोटारीचा पत्रा साधारण एक मिलिमीटर जाडीचा. त्याला एका जागीं सलग आंच लागली तर तो पापडासारखा वाकडा होतो. म्हणून एक टांका येथें, दुसरा समोर, तिसरा बाजूला, आणि मध्यें निवण्यास वेळ. माझे शेजारी एक टांका घालून चहाचे दोन घोट घेत आणि मग दुसरा घालीत. नंतर घासणें, लांबीचा अगदीं पातळ हात देणें, पुन्हां घासणें. बोटांची आग होईपर्यंत पॉलिश-कागद फिरवावा लागतो. कारण चकचकीत रंग दोष झांकीत नाहीं, उलट आरशाप्रमाणें तो मोठा करून दाखवितो.

हीं झालीं नको असलेलीं भोंकें. खरी परीक्षा हव्या असलेल्या बोल्टांची. या गाडीचीं पुढचीं मडगार्डें बोल्टांनीं बसविलेलीं असतात, आणि त्यांचीं डोकीं कोठ्याच्या दोन्ही कडांना ओळीनें दिसतात. तीं नाहींशीं करावयाचीं तर बोल्ट उलटा करावा लागतो. वरच्या पत्र्याच्या पोटाशीं जाड पट्टी लावून तिला नट वेल्ड करतात, आणि बोल्ट खालून, चाकाच्या बाजूनें फिरवितात. वरून नुसता सपाट पत्रा. कोठें पत्र्याच्या पाठीस मळसूत्र पाडलेला खुंटा वेल्ड करतात आणि त्याची चाकी पलीकडून आंवळतात. जेथें हात पोंचत नाहीं तेथें भोंकांत फुगून बसणारा रिव्हेटसारखा नट घालतात. जाड धातूंत आरपार न जाणारें भोंक पाडून त्यांत मळसूत्र कापतात. शोभेचें झांकण असेल तर चुंबकानें धरतात. पण तेंही जपून, कारण हल्लींच्या निओडिमियमच्या साध्या चुंबकाची ताकद ८० अंश सेल्सिअसच्या पुढें ढासळूं लागते, आणि इंजिनाजवळ तेवढी उष्णता सहज असते. तारा मडगार्डाच्या आंतून नेतात, बॅटरी डिकींत हलवितात. शेवटीं त्या कोठ्यांत इंजिन तेवढें उरतें, आणि तें जणूं कोणी नुकतेंच आणून अलगद ठेविलें आहे असें दिसतें.

हें सारें पाहून मी मनांतून हरखलों होतों. आपल्याकडील जुन्या सागवानी दारांत कुसूं खोबणींत असें बसलेलें असतें कीं, सांध्याची रेघ नखालाही लागत नाहीं. सोनाराची झाळ, शिंप्याची आंतली टीप यांचेंही तसेंच. चांगला कारागीर स्वतःचे कष्ट दाखवीत नाहीं, हें मी मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलों होतों. परंतु गाडी सुरू करण्याचा दिवस उजाडला आणि माझ्या या सुभाषिताला पहिला धक्का बसला.

शेजाऱ्यांनीं किल्ली फिरविली. ‘खट्’ असा आवाज झाला आणि सर्व शांत. पुन्हां फिरविली, पुन्हां खट्. तिसऱ्या वेळीं जळका वास आला. ॲक्सिलरेटरची बारीक तार हाताला चटका बसेल इतकी तापली होती. मी घाबरलों, ते मात्र चटकन् समजले. त्यांनीं व्होल्टमापकाचें एक टोंक इंजिनाला आणि दुसरें बॅटरीच्या ऋण बाजूला लावून मला किल्ली फिरविण्यास सांगितलें. कांटा जेमतेम हलावयाचा, तो कितीतरी पुढें सरकला. निदान झालें. मोटारींत वीज बॅटरीपासून तारेनें जाते, आणि परत येते ती गाडीच्या लोखंडी अंगांतून. पण इंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असतें; म्हणून इंजिन आणि अंग यांना जोडणारी एक जाड अर्थाची पट्टी लागते. ती पट्टी त्यांनीं लावली होती. सुंदर झांकलीही होती. परंतु ती लावली होती सुरेख रंगविलेल्या पत्र्यावर, आणि रंगांतून वीज जात नाहीं! मुख्य वाट बंद झाल्यावर स्टार्टरची सारी वीज ॲक्सिलरेटरच्या बारीक तारेंतून वाट काढूं पाहत होती. त्यांनीं इंजिनापासून एक जाड तार अंगाच्या उघड्या लोखंडास तात्पुरती लावली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालें.

दोष असा कीं पांच मिनिटांत दूर व्हावा. एक बोल्ट काढावयाचा, रुपयाएवढी जागा खरवडून लोखंड उघडें करावयाचें, दांतेरी वायसर घालून पट्टी पुन्हां आंवळावयाची, आणि गंज चढूं नये म्हणून वरून ग्रीस लावावयाचें. पण तो बोल्ट होता एका झांकणामागें. झांकणाच्या चाक्या होत्या मडगार्डाच्या आंत. आणि मडगार्डाचे बोल्ट खालून, चाकामागून. पांच मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागले, आणि नव्या रंगावर एक ओरखडा उठला तो निराळाच.

त्या दोन दिवसांत ते जें बोलले त्यावरून मला या कलेची दुसरी बाजू कळली. बोल्ट म्हणजे जाड खिळा नव्हे. आंवळतांना तो किंचित् ताणला जातो, आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणें दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. त्या भागांमध्यें शोभेच्या रंगाचा जाड थर राहिला तर तो कालांतरानें चेपतो, ताण उतरतो आणि बोल्ट ढिला होतो. म्हणून जेथें भार आहे तेथें सांध्याचीं तोंडें कोरीं ठेवावयाचीं. आरपार नसलेल्या भोंकांत तेल सांचलें असतां बोल्ट जोरानें फिरविला, तर कोंडलेलें तेल धातूलाच तडा देऊं शकतें. कांहीं हौशी लोक बोल्टाचें डोकें आरशासारखें घासतात. वास्तविक त्या डोक्यावर त्याची प्रत लिहिलेली असते. अमेरिकन बोल्टावर तीन रेघा म्हणजे पांचवी प्रत, सहा रेघा म्हणजे आठवी. मेट्रिक बोल्टावर ८.८, १०.९ असे आंकडे. त्या घासून टाकल्या कीं बळकट कोणता आणि कच्चा कोणता हें ओळखण्याचें साधन गेलें. माणसाची जात पुसूं नये, तशी बोल्टाची प्रत पुसून टाकूं नये, असें मला तेव्हां वाटलें. आणि कांहीं वस्तु तर लपवावयाच्याच नसतात. ब्रेकच्या तेलाची कुपी, इंजिनाचें तेल मोजण्याची पट्टी, पेट्रोलच्या नळीचे सांधे. यांवर रोज नजर पडली पाहिजे. पेट्रोलचा पाझर झांकणामागें राहिला तर तें सौंदर्य नव्हे, ती चिता रचून ठेवणें होय.

दुरुस्ती झाल्यावर त्यांनीं एक साधी वही काढली. गाडींतील प्रत्येक झांकलेला बोल्ट कोठें आहे, कोणत्या मापाचा आहे, त्याला कोणता पाना लागतो, आणि तेथवर पोंचण्यास आधीं काय काढावें लागतें, हें सर्व आकृत्यांसह त्यांनीं लिहिलें. आकृत्या मी काढून दिल्या. तेवढाच माझा हात त्या गाडीला लागला. पुढें एका रविवारीं शहरांतील हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जमले, तेव्हां पाहणारे त्या स्वच्छ कोठ्याची तोंड भरून स्तुति करूं लागले. शेजाऱ्यांनीं ती ऐकून घेतली आणि वही उघडून प्रत्येकाला दाखविली. “येथें मी चुकलों होतों,” असें म्हणून त्या अर्थाच्या पट्टीच्या पानावर बोट ठेवीत. कोणी विचारलें नव्हतें. न सांगते तर कोणाला कळतेंही ना.

श्रोतेहो, त्या वेळीं मी त्यांच्या शेजारीं उभा होतों, आणि मला स्वतःच्या आयुष्यांतील एक स्टूल आठवत होतें.

१९८८ सालची गोष्ट. शाळेची तपासणी होती आणि हस्तव्यवसायाच्या वर्गांतील मुलांनीं केलेल्या वस्तु मांडावयाच्या होत्या. एका मुलाच्या स्टुलाचे तीन पाय उत्तम बसले होते. चौथ्याचें कुसूं त्यानें प्रमाणाबाहेर बारीक कापलें होतें. तें खोबणींत खुळखुळत होतें. नवा पाय करावयास एक दिवस लागला असता, आणि तपासणी दुसऱ्या दिवशीं सकाळीं. मीं सरसांत लांकडाचा भुसा कालवून ती फट भरली, वरून पॉलिशचे दोन हात दिले. सांधा इतका बेमालूम झाला कीं अधिकाऱ्यांनीं नेमकें तेंच स्टूल उचलून वाखाणलें. मुलगा आनंदला; मीही आनंदलों. स्टूल शाळेच्या ग्रंथालयांत ठेवण्यांत आलें.

चार महिन्यांनीं आमचे वृद्ध शिपाई भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देण्यास त्यावर चढले. पाय निखळला. ते पडले आणि त्यांचें उजवें मनगट मोडलें. स्टुलावर नीट उभें राहतां येत नाहीं काय, असा बोल त्यांनाच ऐकावा लागला, आणि तो त्यांनीं मान खालीं घालून ऐकून घेतला. मी तेथेंच होतों. निखळलेला पाय मीं उचलला. कुसवाला माझी लांबी चिकटलेली होती. तो पाय मीं लांकडांच्या ढिगांत नेऊन टाकला, आणि गप्प राहिलों. त्यांचें मनगट पुढें कधींच सरळ झालें नाहीं. घंटा ते डाव्या हातानें देऊं लागले. ती घंटा मीं निवृत्त होईपर्यंत ऐकली.

ते गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांच्याजवळ बोलावयाचें होतें तें मीं बोललों नाहीं. तें आज आपल्याजवळ बोललों. त्यानें त्यांच्या मनगटाची भरपाई होत नाहीं हें मी जाणतों. परंतु परदेशांतील एका वेल्डरानें, कोणी विचारलें नसतां, भर बाजारांत आपल्या चुकीवर बोट ठेविलें, आणि मी मास्तर असून मला तें चौतीस वर्षें साधलें नव्हतें, ही गोष्ट मला तेथून परत आल्यावरही स्वस्थ बसूं देईना.

चांगला कारागीर कष्ट दाखवीत नाहीं, हें मीं मुलांना सांगितलेलें वाक्य खोटें नव्हे; पण तें अर्धें होतें. उरलेलें अर्धें मी आतां असें सांगेन: आधीं सांधा भक्कम करा, मग हवा तर झांका. भक्कम सांधा झांकणें ही कला. कच्चा सांधा झांकणें ही फसवणूक. वरून दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात, म्हणून पाहणाऱ्याला त्यांतील भेद कळत नाहीं. तो फक्त करणाऱ्याला ठाऊक असतो, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच. दुसरें, जें झांकाल तेथवर पोंचण्याची वाट ठेवा. तिसरें, झांकलें कोठें तें लिहून ठेवा. कारण आज ना उद्यां तें उघडणारा हात आपला नसेल.

आपण कोणी मोटारीचे स्क्रू लपवावयास जाणार नाहीं. पण घराच्या भिंतींतून नेलेल्या विजेच्या तारा, फरशीखालून गेलेल्या पाण्याच्या नळ्या, या प्रत्येकाच्या घरीं आहेत. घर रंगवून झाल्यावर त्या कोठून गेल्या आहेत याचा एक कागद करून ठेवा; भिंतींत पहिला खिळा ठोकतांनाच त्याचा उपयोग होईल. माझ्या घराचा तसा कागद मीं गेल्या पावसाळ्यांत केला. मधल्या खोलींतील विजेच्या खटक्यामागें एक तार मीं पूर्वीं घाईघाईनें जोडून वर गिलावा केला होता. ती जागा फोडून तार नीट जोडून घेतली, आणि मगच तिची आकृति काढली.

भिंतीवर अजून ठिगळ दिसतें. रंग देण्याचें मीं मुद्दामच लांबणीवर टाकलें आहे.